मोकळ्या भूमीचे दोन राखणदार

शहर वाढूं लागलें म्हणजे त्याच्या कडेची मोकळी जमीन प्रथम नाहींशी होते. माळावर घरें उठतात, आणि ज्या टेकडीवर वाटेल त्यानें जाऊन बसावें तिला कुंपण पडतें. अशी गेलेली जमीन सहसा परत मिळत नाहीं. ती वेळींच कशी राखावी, याचा धडा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या बोस्टन शहरानें घालून दिला आहे. तो आमच्या विद्यार्थी वाचकांस थोडक्यांत सांगावा असें आम्हांस वाटतें.

बोस्टनभोंवतीं अनेक लहान गांवें होतीं. प्रत्येक गांव आपल्या शिवेपुरतें पाही. परंतु ओढा, टेकडी व समुद्रकिनारा यांस शीव ठाऊक नसते. ही अडचण चार्ल्स इलियट (१८५९–१८९७) या तरुण उद्यानरचनाकारानें ओळखली. १८९० मध्यें त्यानें वेव्हर्ली येथील पुरातन ओक वृक्ष वाचविण्याविषयीं एका साप्ताहिकास पत्र लिहिलें, व त्यांतच एक योजना मांडली : ग्रंथालय जसें लोकांकरितां ग्रंथ जतन करितें, तसे रम्य भूभाग जतन करणारी संस्था असावी. पुढील वर्षीं, म्हणजे १८९१ मध्यें, कायदेमंडळानें अशा विश्वस्त संस्थेस मान्यता दिली. या प्रकारची ती जगांतील पहिली संस्था होय. तिनें दानानें वा खरेदीनें जमीन मिळवावी व ती लोकांस खुली ठेवावी. अशा जमिनीवर कर माफ असे. तिला मिळालेली पहिली भूमि म्हणजे एका मातेनें आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ दिलेलें स्टोनहॅम येथील वन.

परंतु दान हें दात्याच्या इच्छेनें येतें. गरज असेल तेथें तें येईलच असें नाहीं. म्हणून इलियट व सिल्व्हेस्टर बॅक्स्टर नांवाचे पत्रकार यांनीं पुढचें पाऊल टाकलें. १८९३ मध्यें बोस्टन व भोंवतालचीं तीसांहून अधिक गांवें मिळून एक सरकारी उद्यानमंडळ स्थापन झालें. त्यास मोबदला देऊन जमीन सक्तीनें घेण्याचा अधिकार होता. पैसा संस्थानानें कर्जाऊ द्यावा व गांवांनीं तो वर्गणीनें फेडावा, अशी व्यवस्था होती. या मंडळानें वेव्हर्लीचे ते ओक राखिले, ब्लू हिल्सच्या टेकड्या घेतल्या, आणि रिव्हिअरच्या किनाऱ्यावरील आगगाडीचे रूळ मागें हटवून १८९६ मध्यें तो किनारा सर्वांस मोकळा केला. पुढच्याच वर्षीं वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षीं इलियट वारला.

त्याचें काम मात्र पसरलें. १८९५ मध्यें इंग्लंडांत 'नॅशनल ट्रस्ट' स्थापन झाला, तो याच संस्थेचा कित्ता पुढें ठेवून. कॅलिफोर्नियांत १९३४ सालीं, मंदीनें लोक गांजले असतांहि, ओकलंडभोंवतालच्या मतदारांनीं टेकड्या राखण्याकरितां स्वतःवर कर बसवून घेतला.

या दोन राखणदारांचें बळ निरनिराळें आहे. विश्वस्त संस्थेस सक्ती करितां येत नाहीं. पण सरकार बदललें तरी ती वचनास बांधलेली राहते. सरकारी मंडळास अधिकार व पैसा असतो. पण कायदा करणारे तो बदलूंहि शकतात. म्हणून एकानें दुसऱ्यास आधार द्यावा लागतो. स्टोनहॅमचें तें वनहि पुढें उद्यानमंडळाच्या मोठ्या अरण्यांतच सामील झालें.

ज्या मैदानावर आपण रोज खेळतों, तें कोणाच्या नांवावर आहे व कोणत्या कायद्यानें मोकळें राहिलें आहे, हें आमच्या वाचकांनीं एकदां अवश्य विचारून पाहावें. मोकळें आहे म्हणून तें मोकळेंच राहील, असें समजूं नये.