चित्रलेखेचा डाव

‘डोळे मिटून आपलें लहानपणचें घर आठवा,’ असें कोणीं सांगितलें, तर बहुतेक वाचकांच्या मनश्चक्षूंपुढें तें थोडेंबहुत तरी उभें राहील. कोणास ओसरीवरचा झोपाळा दिसेल, कोणास तुळशीवृंदावन. परंतु कांहीं माणसांस डोळे मिटल्यावर काळोखाखेरीज कांहींच दिसत नाहीं. घर त्यांना आठवतें, खोल्या किती व कोणत्या हेंहि सांगतां येतें. दिसत मात्र नाहीं. दुसऱ्यांना खरोखरच कांहीं दिसतें, हें त्यांतील कित्येकांस अर्धें आयुष्य सरेपर्यंत कळतहि नाहीं. ‘डोळ्यांपुढें उभें राहणें’ हा ते नुसता वाक्संप्रदाय समजतात.

या भेदाची पहिली पद्धतशीर चौकशी फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडितानें केली. आज सकाळीं ज्या मेजावर न्याहारी केली तें मनांत आणा. तें उजळ दिसतें कीं अंधुक, कडा रेखीव आहेत कीं पुसट, रंग खरे वाटतात कीं नाहीं, असे त्याचे साधे प्रश्न होते. इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तो नमूद करितो कीं, प्रथम ज्या शास्त्रज्ञांस विचारलें त्यांपैकीं बहुतेकांनीं मनांतलें चित्र म्हणून कांहीं असतें हेंच नाकारलें. पुढें हा विषय फार वर्षें अडगळींत पडला. इ. स. २०१० मध्यें अ‍ॅडम झेमन या मज्जाविकारतज्ज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एका पासष्ट वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयाच्या रक्तवाहिनीवरील उपचारानंतर त्याचीं मनश्चित्रें एकाएकीं लोपलीं होतीं. ती वाचून, ‘आम्हांस तर जन्मापासूनच दिसत नाहीं,’ असें कळविणारे लोक पुढें आले. त्यांतील २१ जणांची माहिती देऊन झेमन यांनीं २०१५ मध्यें या स्थितीस ‘अफँटेशिया’ हें नांव दिलें. ‘फँटेशिया’ हा अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द. त्यामागें लागलेला ग्रीक ‘अ’ हा आपल्या ‘अज्ञान’ शब्दांतील ‘अ’चा सख्खा भाऊ होय. पूर्ण अभाव शंभरांत सुमारें एकास असतो. अगदीं अंधुक दिसणारेहि धरले तर संख्या चारांपर्यंत जाते.

हा रोग नव्हे, आणि कल्पनाशक्तीचें दारिद्र्यहि नव्हे. ‘पिक्सार’ या प्रसिद्ध चित्रपटसंस्थेचे एक संस्थापक एड कॅटमल हे याच जातीचे. ‘लिटल मर्मेड’ या १९८९ सालच्या बोलपटांतील जलकन्येचें रूप रेखाटणारे ग्लेन कीन हेहि तसेच. तें रूप त्यांनीं आधीं मनांत पाहून मग उतरविलें नाहीं. त्यांच्या बाबतींत चित्र प्रथम कागदावरच जन्मास येतें.

शास्त्राचें असो. घरांत याचा जो त्रास होतो तो निराळा. आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हां आमचे धाकटे बंधू अकरा वर्षांचे होते. मातोश्रींचें छायाचित्र एकहि नाहीं. कोंकणांतील तें घरहि विकलें जाऊन पाडलें गेलें. श्राद्धतिथीस पंगत उठल्यावर आठवणी निघत. ‘आई अगदीं समोर उभी राहते हो!’ असें अक्का म्हणत, आणि बंधू उठून पडवींत जाऊन बसत. ‘तुला आईचा चेहरा आठवतो ना रे?’ या प्रश्नास ते सरळ ‘नाहीं’ म्हणत. मग ‘पहिल्यापासूनच कोरडा’ असा शेरा कोणी वडीलधारें माणूस मारी. यांत त्यांना काय सोसावें लागलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. कारण आपलें प्रेमच कमी असलें पाहिजे, असें पुढें त्यांचेंहि मत झालें होतें.

आपल्या पूर्वाचार्यांनीं स्मृतीला चित्राची अट कधीं घातली नव्हती. तर्कसंग्रहकार अन्नंभट्ट स्मृतीला ज्ञान म्हणतात. संस्कारापासून उत्पन्न झालेलें ज्ञान. तें ज्ञान दिसलें पाहिजे असें ते म्हणत नाहींत. शिवमानसपूजेंत रत्नांचें आसन मनानें कल्पावयाचें असतें. ज्यास तें दिसत नाहीं त्यानें तें अर्पण केलेंच नाहीं, असें म्हणण्यास आम्ही तरी धजणार नाहीं.

आतां खेळाकडे वळूं. आमच्या सूनबाईंस चित्रकलेचा नाद आहे. भागवताच्या दशमस्कंधांतील उषेची कथा वाचकांस ठाऊक आहेच. उषेनें स्वप्नांत एक राजपुत्र पाहिला. त्याचें नांव-गांव तिला ठाऊक नव्हतें. सखी चित्रलेखा हिनें देव, गंधर्व, मनुष्य यांचीं चित्रें एकामागून एक काढून दाखविलीं, आणि अनिरुद्धाचें चित्र येतांच उषेची मान लज्जेनें खालीं गेली. वर्णनानें जें साधलें नव्हतें तें ओळखीनें साधलें. सूनबाईंनीं खेळ बेतला तो यावरून. ज्याची आठवण तो ‘उषा’; काढणारी ‘चित्रलेखा’. चित्रलेखेनें ‘कसें दिसत होतें?’ असें कधींहि विचारावयाचें नाहीं. किती, कोठें, कोणत्या हाताला, कशाला टेकून, एवढेंच विचारावें. शिसपेन्सिलीनें फिकट रेघा ओढाव्या. शंका असेल तेथें दोनतीन प्रकार शेजारीं शेजारीं काढावे. उषेनें ‘हें नव्हे’, ‘जवळ आलें’ किंवा ‘हेंच’ म्हणावें. प्रेक्षकांनीं तोंड उघडूं नये. आमच्याकडे हा नियम सर्वांत अवघड ठरला.

बंधूंनीं निवडलें तें आईचें स्वयंपाकघर. ‘दिसत कांहीं नाहीं, सूनबाई,’ असें आधींच बजावून ते सांगूं लागले, आणि आम्ही थक्क झालों. चूल पूर्वेच्या भिंतीशीं; वैलावर दूध. चुलीपासून पाण्याच्या घंगाळापर्यंत चार पावलें. खिडकीला पांच गज, त्यांतला मधला वांकलेला, कारण तेथून मांजर येई. इतक्यांत अक्कांना राहवलें नाहीं. ‘आईचें लुगडें हिरवें काढ ग!’ त्यावर आमचे चुलतबंधू म्हणाले, ‘छे, तांबडें. मला अजून दिसतें.’ बराच वाद झाला. बंधू शांतपणें म्हणाले, ‘रंग मला माहीत नाहीं. पदर मात्र कमरेला उजव्या बाजूस खोचलेला असे. मी तोच धरून उभा राहत असें.’

चेहऱ्याचें नांवहि सूनबाईंनीं काढलें नाहीं. पाठमोरीच आकृति घेतली. खांदे तीनदां पुसले. ‘फुंकणी घेतली कीं ती डावीकडे कलत असे,’ बंधू म्हणाले. चौथ्या वेळीं ते कांहीं बोललेच नाहींत. कागद उचलून खिडकीपाशीं गेले, उजेडांत धरून पुष्कळ वेळ पाहत राहिले. ‘हीच,’ म्हणाले. ‘चेहरा काढावा का, काका?’ असें सूनबाईंनीं विचारलें, तेव्हां म्हणाले, ‘राहूं दे. मला ही पुरे आहे.’ अक्का डोळ्यांस पदर लावून बसल्या होत्या. लुगड्याचा वाद कोणीं पुन्हां काढला नाहीं.

त्या वादासंबंधीं एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. शिकागो विद्यापीठांतील विल्मा बेनब्रिज व त्यांचे सहकारी यांनीं अशीं ६१ आणि इतर ५२ माणसें घेऊन केलेली परीक्षा २०२१ मध्यें प्रसिद्ध झाली. तीन खोल्यांचीं छायाचित्रें दाखवून, मग तीं आठवणीनें काढावयास सांगितलीं. ज्यांस मनश्चित्रें दिसत नाहींत त्यांनीं वस्तु कमी काढल्या, रंग कमी वापरले. परंतु कोणती वस्तु कोठें, यांत ते इतरांइतकेच अचूक ठरले. मुळांत नव्हती ती वस्तु चित्रांत घालण्याची चूक तर त्यांच्या हातून कमी झाली. ज्यास दिसतें त्याचें मन रिकामी जागा आपल्या पदरचें घालून भरीत असावें, असा आमचा तर्क आहे.

हा स्वभाव पुष्कळदां एकाच कुळांत आढळतो. बंधूंच्या नातीसहि डोळे मिटल्यावर कांहीं दिसत नाहीं, हें या खेळामुळेंच कळलें. शाळेंत ‘डोळ्यांसमोर चित्र आणून निबंध लिहा’ असें सांगितलें कीं ती पोर रडकुंडीस येई. आतां ती ‘किती, कोठें, कशाला टेकून’ अशी टिपणें आधीं काढते, आणि तिचे निबंध वाचनीय होतात. कागदाच्या पाठीवर उषेचें नांव व तारीख घालण्याची चाल तिनेंच पाडली. असे अकरा कागद झाले आहेत. येत्या दिवाळींत उषा होण्याची पाळी तिची. पणजीच्या मांडीवर बसून खाल्लेला पहिला आंबा तिनें निवडला आहे. ती पणजी आईकडची, आणि सुदैवानें हयात आहे. तिलाहि बोलाविलें आहे.