नौकेचे इंजिन पावसाळ्यासाठी ठेवताना

मे महिना सरत आला की कोकण किनाऱ्यावर नौका ओढून घेण्याची व शाकारण्याची लगबग सुरू होते. २०२४ साली पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी होती. प्रत्यक्षात पुष्कळ नौका याहून अधिक काळ विसावतात. नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाल्यावाचून समुद्रात न जाण्याचा रिवाज अनेक गावांनी आजही पाळला आहे. या दिवसांत जाळी धुऊन वाळविली जातात, तळाला रंग दिला जातो. इंजिनाबाबत मात्र ‘बंद केले म्हणजे झाले’ अशी समजूत आढळते. नौकेतील सर्वांत महाग वस्तू तीच असते व बहुधा तिच्यावर कर्जही असते.

थंड देशांत हिवाळ्यापूर्वी नौकेच्या इंजिनातील पाणी काढून टाकण्याचा दंडक आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबाने इंजिनाचे बिडाचे अंगही तडकते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा ही खटपट कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन थांबल्यावर हे पाणी वाहिन्यांत साचून राहते. कूलरच्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या आणि आजूबाजूचे भाग लोखंडाचे. मध्ये खारे पाणी आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन लोखंड झिजू लागते. पाणी आटले तर मिठाचे व गंजाचे थर नळ्यांची तोंडे अरुंद करतात. बर्फ एका रात्रीत इंजिन फोडतो. मीठ सावकाश काम करते, आणि त्याचा परिणाम बहुधा हंगामाच्या ऐन सुरुवातीस, किनाऱ्यापासून दूर, इंजिन तापून बंद पडल्यावरच कळतो.

म्हणून खाऱ्या पाण्याचा मार्ग प्रथम गोड्या पाण्याने धुवावा. नौका ओढल्यावर पंपाची शोषक नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडून, गिअर न टाकता, इंजिन मंद गतीने चालवावे. इंजिन पुरेसे तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत सर्व वाहिन्यांतून पाणी फिरत नाही, हे ध्यानात ठेवावे. पिंपातील पाणी मात्र क्षणभरही संपू देऊ नये. पंपातील रबरी इम्पेलर कोरडा फिरला की थोड्याच वेळात जळतो.

त्यानंतर इंजिन थांबवून व थंड होऊ देऊन सर्व निचरा प्लग उघडावेत. ते एकाच ठिकाणी नसतात. इंजिनाच्या अंगावर, कूलरच्या तळाशी, एक्झॉस्टच्या पाणीवेष्टनाखाली अशा निरनिराळ्या जागी ते शोधावे लागतात. येथेच मोठी चूक होते. प्लग काढला, पाणी आले नाही, म्हणजे आत पाणी नाही, असे मानले जाते. वस्तुतः गंज, वाळू व क्षार यांनी ते छिद्र आतून बुजलेले असू शकते. प्रत्येक छिद्रात तार घालून पाहावी. पुष्कळदा त्यानंतरच तांबूस पाण्याची धार सुटते. पंपाचे झाकण काढून इम्पेलर बाहेर ठेवावा, म्हणजे त्याची पाती दोन महिने वाकलेल्या स्थितीत राहत नाहीत. जस्ताचा कांडा निम्मा झिजला असल्यास बदलावा. त्यावर रंग कदापि लावू नये, कारण इतर धातूंऐवजी स्वतः झिजणे हेच त्याचे काम आहे.

बंदिस्त गोड्या पाण्याचे स्वतंत्र चक्र असलेल्या इंजिनांची गोष्ट वेगळी. त्या चक्रातील गंजरोधक द्रव चांगला असेल तर तो भरलेलाच राहू द्यावा. रिकामी, ओलसर लोखंडी पोकळी पावसाळी हवेत अधिक लवकर गंजते.

नौका ओढता न येता खाडीतच नांगरून ठेवली असेल, तर वरील क्रम बदलतो. प्लगला हात लावण्यापूर्वी तळातून पाणी आत घेणारा कॉक घट्ट बंद करावा. तो उघडा राहिला तर निचऱ्याच्या वाटेनेच समुद्र आत शिरतो. काढलेले सर्व प्लग पिशवीत घालून सुकाणूच्या चाकाला बांधावेत. श्रावणात इंजिन चालू करणारा माणूस दुसराच असण्याचा संभव असतो.

प्रश्न उरतो गोड्या पाण्याचा. मेअखेर किनाऱ्यावरील कित्येक गावांत पिण्याचेच पाणी तोकडे असते. तेव्हा नौका धुण्यास नळ मागणे कोणासही रुचणार नाही. यावर उपाय असा की, खारे पाणी ओढल्या दिवशीच काढून टाकावे आणि धुण्याचे काम पहिल्या पावसानंतर करावे. मासळी बाजाराच्या किंवा जाळी विणण्याच्या शेडच्या पन्हळीखाली ग्रामपंचायतीने अथवा मच्छिमार सहकारी संस्थेने चार-सहा पिंपे मांडली, तर ती भरावयास कोकणातील एक चांगली सर पुरे होते. बाहेर पडणारे पाणी नळीने पुन्हा पिंपातच घेऊन, खारट लागेपर्यंत वा फार तापेपर्यंत फिरविता येते.