भीड, बिल आणि मैत्री

जेवण आटोपते. बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येते आणि टेबलाभोवती बसलेल्या सहा-आठ जणांत क्षणभर शांतता पसरते. कोणी मोबाइलमध्ये डोके घालतो, कोणी हात धुण्यासाठी उठतो, कोणी ‘राहू दे, मी देतो’ असे म्हणतो. पण त्याचा हात खिशाकडे फार सावकाश जातो. शेवटी एक जण तोडगा सुचवतो, ‘एवढा विचार कशाला? सरळ सहाने भागू या.’ सगळे माना डोलावतात. त्या सहांपैकी एकाने केवळ शाकाहारी थाळी घेतलेली असते. तोही मान डोलावतो, कारण त्या क्षणी दुसरे काही बोलणे त्याला कमीपणाचे वाटते.

आमच्या शाळासोबत्यांचा एक गट आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा एकत्र जेवायचे, असा आमचा शिरस्ता. त्यातील एक मित्र तीन-चार भेटींनंतर येईनासा झाला. कधी आईची प्रकृती, कधी गावची जत्रा, कधी पाहुणे. सबबी साऱ्या खऱ्या वाटण्यासारख्या होत्या. खरे कारण आम्हांला कळायला दोन वर्षे लागली. तो मद्य घेत नसे, मासळी खात नसे आणि एका दुकानात हिशेबनिसाचे काम करी. प्रत्येक भेटीत त्याला आपल्या जेवणाच्या तिप्पट-चौपट रक्कम मोजावी लागत होती. आमच्यापैकी कोणालाही त्याला लुबाडायचे नव्हते. आम्ही फक्त विचारले नव्हते, आणि तो भिडेपोटी बोलला नव्हता. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण किती नेमकी आहे, हे तेव्हा उमगले.

यजमान नसलेली पंगत

हा पेच आपल्याकडे का उद्भवतो? आपल्या परंपरेने जेवणाचे दोन प्रकार नीट नियमबद्ध केले आहेत. पहिला पंगतीचा. तिथे यजमान ठरलेला असतो. तो आग्रह करतो, पाहुणा तृप्त होतो आणि पुढे केव्हातरी त्याची परतफेड आपल्या घरच्या कार्यात करतो. दुसरा अंगतपंगतीचा. तिथे प्रत्येक जण आपापला डबा आणतो आणि सर्वांनी मिळून तो वाटून खाल्ला जातो. पहिल्यात खर्च एकाचा, दुसऱ्यात प्रत्येकाचा. दोन्हींत कोणी काय द्यायचे हे पान मांडण्यापूर्वीच ठरलेले असते.

हॉटेलातल्या सामुदायिक जेवणाचे मात्र तसे नाही. मांडणी पंगतीची असते, पण यजमान कोणीच नसतो. आपण वागतो पाहुण्यासारखे, आग्रह करतो यजमानासारखा, आणि खर्चाची वेळ आली की दोन्ही भूमिका सोडून भागाकाराचा आधार घेतो. ‘अजून एक प्लेट मागवा हो, जेवणात काय एवढा विचार!’ असे म्हणणाऱ्याचा आग्रह प्रेमाचाच असतो. परंतु त्या प्लेटचा सहावा भाग ती न खाणाऱ्याच्या माथी बसतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

म्हणून या शिष्टाचाराचे पहिले सूत्र असे, की यजमान कोण हे निघतानाच ठरावे. मराठी भाषेने त्यासाठी स्पष्ट शब्द दिलेले आहेत. ‘आज मी तुम्हांला जेवायला नेतो’ किंवा ‘आज माझ्यातर्फे’ असे म्हणणारा यजमान झाला. त्याने बिलाच्या वेळी इकडेतिकडे पाहू नये आणि इतरांनीही ओढाताण करू नये. ‘चला, जेवायला जाऊ या’ असे म्हटले, तर कोणीच यजमान नाही, खर्च सर्वांचा. तरुण मंडळी यालाच ‘टीटीएमएम’, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’ म्हणतात. ज्येष्ठांना हा शब्द रुक्ष वाटतो. पण त्यातील स्पष्टता निर्दोष आहे.

समान वाटणीचे गणित

‘समान’ आणि ‘न्याय्य’ हे दोन शब्द एकच आहेत, असे आपण गृहीत धरतो. एक साधे उदाहरण घेऊ. सहा मित्र जेवायला बसले. दोघांनी प्रत्येकी २०० रुपयांची शाकाहारी थाळी घेतली. चौघांनी प्रत्येकी ३०० रुपयांची मासळीची थाळी घेतली, शिवाय त्या चौघांत मिळून १,२०० रुपयांची तळलेली मासळी मागवली. त्याच चौघांचे मद्य करांसह २,००० रुपयांचे झाले. जेवणाचे २,८०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी १४० रुपये आणि मद्याचे २,००० रुपये, असे एकूण बिल ४,९४० रुपये.

सहाने भागल्यास प्रत्येकी सुमारे ८२३ रुपये येतात. शाकाहारी मित्राने प्रत्यक्षात २१० रुपयांचे जेवण केले. त्याने ६१३ रुपये अधिक दिले. मद्य व मासळी घेणाऱ्याचा खरा खर्च १,१३० रुपये. त्याचे ३०७ रुपये वाचले. म्हणजे साध्या जेवणावर समाधान मानणाऱ्या दोघांनी इतर चौघांच्या चैनीला मिळून सव्वाबाराशे रुपयांचे अनुदान दिले. हे दर भेटीला घडत राहिले, तर सबबी सुरू होणारच.

मग प्रत्येक पापडाचा हिशेब मांडावा काय? तसे करण्याची गरज नाही. मद्य वेगळे आणि जेवण समान, एवढा एकच नियम पाळला, तरी बरेच साधते. वरील उदाहरणात जेवणाचे प्रत्येकी ४९० रुपये होतात आणि मद्य घेणाऱ्या चौघांवर प्रत्येकी आणखी ५०० रुपये येतात. शाकाहारी मित्राचा भार ८२३ वरून ४९० वर उतरतो. हा हिशेब अर्ध्या मिनिटात होतो आणि त्यात कोणाचीही मानहानी नाही. महागडी मासळीसुद्धा खाणाऱ्यांतच वाटली, तर उत्तम.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. इसवण, पापलेट, खेकडे यांचा दर अनेक मेनूकार्डांवर छापलेला नसतो. तिथे ‘आकारानुसार’ एवढेच लिहिलेले असते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीच्या काळात मासळी महागते. अशा वेळी दर विचारूनच मागणी द्यावी. दर विचारणे हे कंजूषपणाचे लक्षण नाही. ज्यांच्या खिशातून तो जाणार, त्यांच्याविषयीचा तो आदर आहे.

हैफामधील प्रयोग

समान वाटणीने माणसाचे वागणेच बदलते, हे इस्रायलमधील हैफा येथे झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. युरी ग्नीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे या अभ्यासकांचा त्याविषयीचा निबंध २००४ मध्ये ‘द इकॉनॉमिक जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परस्परांना अनोळखी अशा सहा-सहा जणांच्या गटांना एका उपाहारगृहात बसवण्यात आले. आपापले बिल स्वतः द्यायचे होते, तेव्हा दर माणशी सरासरी खर्च सुमारे ३७ शेकेल झाला. बिल सहांत समान वाटले जाईल असे सांगितले, तेव्हा तो सुमारे ५१ शेकेलवर गेला. सारे फुकट असल्याचे सांगितले, तेव्हा तो सुमारे ८२ शेकेल झाला.

याचे कारण सरळ आहे. १०० रुपयांचा पदार्थ मागवताना माझ्या वाट्याला १७ रुपयेही येणार नसतील, तर माझा हात सैल होतो. आणि शेजारीही तसेच करणार असे वाटले, की मागे राहणारा मूर्ख ठरतो. विशेष म्हणजे त्याच अभ्यासात कोणती पद्धत आवडेल असे आधी विचारले असता, बहुसंख्यांनी आपापले पैसे देण्यालाच पसंती दिली होती. थोडक्यात, जी पद्धत बहुतेकांना मनातून नको असते, तीच भिडेमुळे चालू राहते. अनोळखी माणसांत मनाला टोचणी कमी लागते, मित्रांत ती अधिक लागते, हे खरे. पण मित्रांत बोलण्याची भीडही अधिक असते.

काही प्रसंग, काही संकेत

वाढदिवस, बढती, नवी गाडी अशा निमित्ताने ‘पार्टी’ मागण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ज्याचा आनंद त्याचा खर्च, हा संकेत मान्य. परंतु मग हॉटेल आणि बेत ठरवण्याचा अधिकारही त्याचाच. पाहुण्यांनी सर्वांत महाग पदार्थावर बोट ठेवू नये. पहिला पगार घेतलेल्या मुलाकडून मोठ्या जेवणावळीची अपेक्षा करणे तर सर्वस्वी अनुचित होय.

कार्यालयातील वरिष्ठाने कनिष्ठांना जेवायला बोलावले, तर बिल वरिष्ठाने द्यावे. कनिष्ठाला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि जिथे नकाराचे स्वातंत्र्य नसते, तिथे वर्गणी मागणे अन्यायाचे ठरते.

कुटुंबे एकत्र जेवतात, तेव्हा वाटणी कुटुंबांवर करावी की माणसांवर? चौघांचे कुटुंब आणि एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका यांना एकेक वाटा ठरवणे योग्य नव्हे. माणशी हिशेब करावा आणि लहान मुलांचा अर्धा वाटा धरावा.

काही मित्र आळीपाळीने बिल देतात. भिशीसारखी ही पद्धत सुटसुटीत आहे, मात्र भिशीत प्रत्येकाची रक्कम सारखी असते, हे विसरू नये. एकाच्या पाळीला टिफिन रूम आणि दुसऱ्याच्या पाळीला तारांकित हॉटेल, असे घडू लागले की आळीपाळी मोडते. स्त्री-पुरुष एकत्र असताना बिल आपोआप पुरुषापुढे सरकवण्याची सवयही आता सोडायला हवी. कमावत्या स्त्रीला आपला वाटा देऊ न देणे हे औदार्य नव्हे.

बिल वाचावे, मगच वाटावे

वाटणीपूर्वी बिल एकदा वाचावे. सर्वसाधारण उपाहारगृहांत खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी लागतो. खोलीचे दैनिक भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या हॉटेलांतील उपाहारगृहांत तो १८ टक्के असतो. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही, त्यावर राज्याचा कर लागतो. त्यामुळे मद्याचा हिशेब वेगळा करणे मुळातच सोपे असते.

सेवाशुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलांना ते बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे कायम ठेवली. ते जोडलेले दिसल्यास काढून टाकण्यास सांगावे. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढप्याला मात्र आपल्या खुशीने बक्षिशी अवश्य द्यावी, आणि ती वाटणीत आधीच धरावी.

हल्ली एक जण बिल भरतो व बाकीचे यूपीआयने त्याला रक्कम पाठवतात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी धाडण्याची सोय फसवणुकीच्या धोक्यामुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे आता आठवण तोंडी किंवा संदेशाने करावी लागते, आणि ती करताना देणाऱ्यापेक्षा मागणाराच अधिक संकोचतो. तशी वेळच येऊ देऊ नये. टेबलावरून उठण्यापूर्वी, फार तर त्याच रात्री, आपला वाटा पोहोचता करावा. पुढाकार घेऊन बिल भरणाऱ्याला धनकोच्या भूमिकेत ढकलणे कृतघ्नपणाचे आहे.

आधी बोलावे

या साऱ्याचे सार एकच. बोलायचे ते मागणी देण्यापूर्वी बोलावे. ‘मद्य वेगळे धरू या का?’ हा प्रश्न जेवणाआधी विचारला, तर तो व्यवस्थेचा प्रश्न असतो. जेवणानंतर विचारला, तर तोच आरोप वाटतो. आणि तो विचारण्याची जबाबदारी सर्वाधिक कमावणाऱ्यावर किंवा सर्वाधिक खाणाऱ्यावर असावी. ज्याला परवडत नाही त्यालाच बोलायला लावणे, म्हणजे त्याची ऐपत चारचौघांत उघडी करणे होय. हॉटेलही गटातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या सदस्याला झेपेल असे निवडावे. सार्वजनिक उत्सवांत आपण वर्गणी ऐपतीप्रमाणे देतो-घेतो. तोच विवेक मैत्रीत का नसावा?

आमच्या त्या मित्राला आम्ही पुन्हा बोलावले. माफी मागितली नाही, भाषणही केले नाही. गटात फक्त एक ओळ लिहिली : ‘यापुढे ज्याचे मद्य त्याचे, जेवण साध्या खानावळीत.’ पुढच्या भेटीला तो सर्वांच्या आधी येऊन बसला होता. थाळी आली, सोलकढीच्या वाट्या आल्या, गप्पा रंगल्या. बिल आले तेव्हा या वेळी कोणीही मोबाइलमध्ये डोके घातले नाही.