परक्या भाषेत शिकताना : लवळ्याच्या टेकडीवरून

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. कोणाचा भाचा जर्मनीत गेलेला असतो, कोणाची पुतणी किर्गिझस्तानात डॉक्टर होत असते. अब्बा फीचा हिशेब मांडतात. मुलगी तिथे काय खाईल, रमजानमध्ये सहरीला तिला कोण उठवील, ही काळजी अम्मीला लागते. फी, व्हिसा, तिकीट, खाणेपिणे, सगळ्याची चर्चा होते. एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. मूल तिथे कोणत्या भाषेत शिकणार, आणि ती भाषा त्याला आज कितपत येते?

या प्रश्नाचा विचार करायला फार लांब जायला नको. पुण्याच्या पश्चिमेला सूस-नांदे ओलांडले की मुळशी तालुक्यातले लवळे लागते. गावाच्या वरच्या टेकडीवर सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे. फ्लेम विद्यापीठही याच गावच्या हद्दीत आहे. आपली मुले परदेशी जायची स्वप्ने पाहतात, तेव्हा इतर देशांतली मुले शिकायला पुण्याकडे येतात. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे आपलाच मुलूख. आपल्या मुलावर उद्या जे येणार, ते या मुलांवर इथे येऊन गेले आहे.

खिडकीतून दिलेले जेवण

सिम्बायोसिसचा जन्मच अशा एका विद्यार्थ्यामुळे झाला. मूळचे गडहिंग्लजचे डॉ. शां. ब. मुजुमदार हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आतल्या मुलाला जेवण देते, हे त्यांच्या नजरेस पडले. चौकशी केली तेव्हा कळले की मुलगा मॉरिशसहून आलेला आहे आणि काविळीने आजारी आहे. परमुलखात आजारी पडलेल्या मुलाचे कोण करणार, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. त्यातून 1971 साली परदेशी विद्यार्थ्यांना आधार देणारे एक केंद्र उभे राहिले. दोन वेगळे जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, त्याला वनस्पतिशास्त्रात सिम्बायोसिस म्हणतात. तेच नाव संस्थेला मिळाले. 2002 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या हकिकतीत फी नाही, पदवी नाही. आहे तो आजार, एकटेपणा आणि कोणीतरी आणून दिलेले जेवण. परदेशी शिक्षणाचा विचार करताना पहिली गोष्ट हीच ध्यानात घ्यावी.

बोलता येते म्हणजे शिकता येते असे नाही

आखाती देशांत नोकरी केलेले चाचा-मामू आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुकानात, कामावर, टॅक्सीत त्यांचे अरबीवाचून अडत नाही. पण त्याच अरबीत कायद्याचे पुस्तक वाचून परीक्षा द्या म्हटले, तर ते हसतील. बाजाराची भाषा वेगळी, वर्गाची वेगळी. स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करणारे कॅनडातील जिम कमिन्स यांनीही हेच दाखवले. रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच वर्षे किंवा त्याहून अधिक लागू शकतात.

मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाने यात कमीपणा मानू नये. विषय एका भाषेत नीट समजला असेल तर तो दुसऱ्या भाषेत नेता येतो. अवघड जाते ते विषयच कच्चा असताना भाषाही बदलते तेव्हा.

परकी भाषा शिकणे आपल्या परंपरेला नवे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्यावरून हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी यहुद्यांची लिपी शिकून घेतली होती. ख्वारिज्ममध्ये जन्मलेले अल-बिरुनी हिंदुस्थानातले ज्ञान समजून घेण्यासाठी संस्कृत शिकले. गरज ओळखून, मेहनत करून त्यांनी भाषा मिळवली.

जर्मनी : आधी भाषा, मग प्रवेश

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे ऐकून अनेक घरे तिकडे वळतात. पण पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतात. भाषेच्या सहा पायऱ्या मानतात : ए-1, ए-2, बी-1, बी-2, सी-1 आणि सी-2. जर्मन माध्यमाच्या पदवीला साधारण सी-1 इतकी तयारी मागतात. शिवाय आपल्या नुसत्या बारावीवर बहुतेकांना थेट प्रवेश मिळत नाही. एक तर इथे पदवीचे एक वर्ष पूर्ण करावे लागते, नाही तर तिथे ‘स्टुडिएनकोलेग’ नावाचा तयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्याच्या प्रवेश परीक्षेलाही जर्मन लागतेच.

म्हणून पदवीसाठी जर्मनीला जायचे असेल तर भाषेची सुरुवात अकरावीतच करावी. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. दोन वर्षे धीराने शिकलेले मूल तिथे गेल्यावर निदान हरवत नाही.

डॉक्टरकी : वर्गाची भाषा आणि रुग्णाची भाषा

सर्वांत जास्त जपावे लागते ते इथे. रशिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान या देशांत एमबीबीएससाठी आपली मुले-मुली मोठ्या संख्येने जातात. एजंट सांगतो, शिकवणे इंग्रजीत आहे, काळजी नको. वर्ग इंग्रजीत असतीलही. पण मूल रुग्णालयात जाते, तेव्हा खाटेवरची वृद्ध बाई रशियन किंवा किर्गिझ बोलते. कुठे दुखते, कधीपासून दुखते, आधी कोणते औषध घेतले, हे तिला विचारता आले नाही तर ते मूल पदवी घेईल, पण वैद्यकी शिकणार नाही.

नियमही कडक आहेत. परदेशात एमबीबीएस करून भारतात डॉक्टरकी करायची तर आधी नीट पात्रता लागते. 18 नोव्हेंबर 2021 पासूनच्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, माध्यम इंग्रजी आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर 300 गुणांची परीक्षा असते आणि त्यात 150 मिळवावे लागतात. पैसे भरण्याआधी हे सगळे कागदावर तपासून घ्यावे. एजंटच्या तोंडी शब्दावर शेत किंवा दागिने विकू नयेत.

इथे पुन्हा लवळ्याकडे पाहू. 2020 साली तिथे मुलींसाठी सिम्बायोसिसचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, सोबत रुग्णालयही आहे. दुसऱ्या राज्यातून आलेली मुलगी तिथे इंग्रजीत शिकते, पण मुळशीतला शेतकरी तिला मराठीतच सांगणार, “छातीत भरून आल्यागत होतंय.” म्हणून आपल्या देशात एमबीबीएसच्या सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचाही समावेश आहे. बिश्केक असो वा लवळे, रुग्णाची भाषा डॉक्टरला शिकावीच लागते.

पैशाचा हिशेब

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो आहे. फी नसली तरी ही रक्कम हवीच. व्याजाचे कर्ज नको वाटणाऱ्या घरांनी आधीपासून बचत करावी, नातलगांकडून बिनव्याजी उसने मिळते का ते विचारावे, शिष्यवृत्त्या शोधाव्यात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजाला अनुदान देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद झाली आहे. कोणी तिच्या नावाने फॉर्म भरायला सांगितले तर सावध राहा.

घरी करण्यासारखे

तयारीची सुरुवात घरातूनच होते. काही साध्या गोष्टी :

- जायच्या आधी दोन वर्षे, रोज एक तास त्या देशाची भाषा. एक दिवस चार तास आणि मग आठवडाभर सुट्टी, असे नको.
- विषयाच्या शब्दांची वही ठेवावी : परका शब्द, मराठी किंवा उर्दू अर्थ आणि स्वतः केलेले एक वाक्य.
- “मला समजले नाही, पुन्हा सांगाल का?” हे वाक्य सर्वांत आधी पाठ करावे आणि न लाजता वापरावे.
- मशिदीत ओळखी होतील, जुम्याला आपली माणसे भेटतील, हलाल दुकान सापडेल. हा आधार मोठा आहे. पण चोवीस तास आपल्याच मुलांत राहिले तर भाषा येत नाही. खोलीत किंवा अभ्यासाच्या गटात एक तरी तिथला सोबती असावा.
- पहिल्या सहा महिन्यांत गुण कमी आले तर रागावू नये. फोनवर “किती मार्क मिळाले” याच्या आधी “जेवलास का, झोप लागते का” हे विचारावे. एकटेपणाने खचलेले मूल बहुतेक वेळा ते स्वतःहून सांगत नाही.
- मुलीला पाठवताना वसतिगृह, जवळचे रुग्णालय, ओळखीचे एक कुटुंब आणि भारतीय दूतावासाचा फोन नंबर, एवढे कागदावर लिहून द्यावे.

आपल्या शेजारचा परदेशी

पुण्यात अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इराण अशा देशांतले विद्यार्थी शिकत आले आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये काबूलमधली सत्ता बदलली तेव्हा पुण्यातल्या अफगाण मुलांना घरच्यांची, पैशांची आणि व्हिसाची काळजी एकदमच लागली. परीक्षा मात्र इंग्रजीतच द्यायची होती.

असा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या मोहल्ल्यात भाड्याने राहत असेल तर सलाम करून नाव विचारावे. रमजानमध्ये इफ्तारला बोलवावे. भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी बोलण्यापुरती चार मराठी वाक्ये शिकवावीत. आजारी असल्याचे कळले तर डबा पाठवावा. उद्या आपले मूल बर्लिनमध्ये किंवा बिश्केकमध्ये तापाने पडून असेल, तेव्हा त्याचेही दार कोणीतरी ठोठवावे, हीच दुआ आपण करत असू.