तेरड्याआडचे वीर

भाद्रपदात चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांचे उतार सोनकीने पिवळे होतात. पायथ्याला वाई तालुक्यातलं किकली. इथल्या भैरवनाथाच्या आवारात वीरगळ मांडून ठेवलेले आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसांचे स्मारकदगड.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत आडवा पडलेला वीर. शेजारी गाई दिसल्या तर तो गोधन वाचवताना मेला असं समजायचं. त्यावर झुंज, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. बोरिवलीजवळच्या एकसरला तर दगडावर जहाजांची लढाई कोरली आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर मात्र एक अक्षरही नाही. ज्याच्यासाठी एवढा दगड घडवला त्याचं नावच हरवावं, याची हळहळ वाटते.

दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की ढाल, तलवार, घोड्याचा पाय एकेक करून वर येतात. ऊन नसेल तर बॅटरी बाजूने धरतात. माती मऊ ब्रशने झटकायची. खडू फिरवायचा नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही.

असे दगड केवळ देवळातच सापडतात असं नाही, शेताच्या बांधावर गवतातही सापडतात. तिथे झाडंझुडपंही पाहावी लागतात. गौरीसाठी आणतात तो तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. तो हाताने बाजूला सारता येतो. सांध्यात शिरलेलं पिंपळाचं रोप मात्र जुना चौथरा फोडून काढतं. देवळाशी, दर्ग्याशी, कबरींशी दिसणारा देवचाफा वेगळंच सांगतो. त्याचं मूळ अमेरिकेत, त्यामुळे यादवकाळच्या दगडाशेजारी तो उभा असेल तर लावणारे हात कित्येक शतकं नंतरचे. वीराचं नाव विसरल्यावरही कुणी तरी त्या जागेची काळजी घेत होतं.

वीरगळाला शेंदूर फासलेला असतो तेव्हा खालचं शिल्प पाहण्याचा मोह होतो. तरी तो खरवडू नये. आधी गावातल्या जाणत्या माणसांना विचारावं, दगडाला काय म्हणतात, नैवेद्य कधी दाखवतात, हे लिहून घ्यावं. पूजेत असल्यामुळेच तो दगड जपला गेलेला असतो. पूजेत नसलेले कितीतरी वीरगळ पायऱ्यांत आणि धुण्याच्या दगडांत गेले आहेत.