लहान ट्रॅक्टरची कैफियत

निफाड तालुक्यातल्या एका गावी दोन सख्ख्या भावांनी, वाटण्या झाल्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला, एकाच दुकानातून, एकाच कारखान्याचे, २४ अश्वशक्तीचे दोन लहान ट्रॅक्टर घेतले. आज थोरला त्या यंत्राचे नाव निघाले की ते लक्ष्मीच्या पावलांनी घरात आले असे सांगतो, आणि धाकटा तेच यंत्र विकायला काढून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे. ट्रॅक्टर तोच, डिझेल तेच, दुरुस्ती करणारा मिस्त्रीही तोच. हे कोडे उलगडावे म्हणून त्या मिस्त्रीच्या गॅरेजपुढच्या बाकावर मी दोन सकाळी घालवल्या, आणि तेथे येणाऱ्या मालकांच्या फिर्यादी ऐकता ऐकता माझी अशी खात्री होत गेली, की ह्या यंत्राचे गुण आणि दोष वेगवेगळ्या वह्यांत मांडण्याजोगे नाहीत. तो एकाच खात्याचा जमाखर्च आहे. फिर्यादी पुष्कळ ऐकल्या, तेव्हा प्रतिवादीची कैफियतही दाखल व्हावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आधी पूर्ववृत्तांत. कृषिगणनेच्या दफ्तरात महाराष्ट्रातील एका खातेदाराची सरासरी धारण जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ साली १.३४ हेक्टरवर आली. मुंबई सरकारने १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा केला होता. परंतु कायद्याने तुकडा नोंदवायचे नाकारले तरी बापाच्या पश्चात भाऊ बांध घालावयाचे राहिले नाहीत. बांध वाढले तसे वळण आखूड झाले, आणि ज्या शेतात सहा बैली नांगर फिरत असे त्याच शेतात आता मोठा ट्रॅक्टर वळवायचा म्हणजे शेजाऱ्याच्या पिकातून माफी मागत जाणे आले. लहान ट्रॅक्टरला पहिले गिऱ्हाईक ह्या वाटण्यांनी मिळवून दिले, आणि दुसरे फळबागांनी.

ज्याला आपण आज काहीशा तुच्छतेने 'मिनी' म्हणतो, तो एके काळी नुसता ट्रॅक्टर म्हणूनच ओळखला जात असे. १९४६ पासून दहा वर्षे इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे बनलेला आणि पाच लाखांहून अधिक संख्येने खपलेला हॅरी फर्ग्युसनचा करडा ट्रॅक्टर पंचवीस-तीस अश्वशक्तीचाच होता. दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत ज्याचा आराखडा तयार झाला आणि १९७४ साली पंजाबात जो कारखान्यातून बाहेर पडू लागला, त्या 'स्वराज'ची मूळ कल्पनाही वीस अश्वशक्तीचीच. इतक्या थोड्या शक्तीत नांगरट कशी निघे, ह्याचे उत्तर फर्ग्युसनने शोधलेल्या तीन दांड्यांच्या जोडणीत आहे. अवजार दोरखंडाने ओढावे तसे न ओढता त्याने ते ट्रॅक्टरच्या पाठीशी खालच्या दोन व वरच्या एका दांड्याने असे जखडले, की फाळ कठीण जमिनीत अडकू लागताच वरच्या दांडीवर दाब येतो, त्या दाबाने हायड्रोलिक अवजाराला किंचित उचलते, आणि अवजाराचा व मातीचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. हलक्या यंत्राने वजन उसने घेऊन काम उरकण्याची ही युक्ती आहे. आज लहान-मोठ्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे तीच जोडणी दिसते. मात्र उसनवारीलाही सीमा असते, हे पुष्कळ मालकांना पहिल्या खोल नांगरटीत कळते.

आता बागेत शिरू. नाशिककडे द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण नऊ फुटांचे अंतर राखतात. म्हणजे एका एकरात ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट, सुमारे दीड किलोमीटर. मागे फवारणीचा ब्लोअर जोडून ताशी चार किलोमीटरच्या चालीने गेले तर बावीस मिनिटांत एक एकर होतो. वळणे आणि टाकी भरणे ह्यांचा वेळ धरला तरी पाच एकरांची बाग उन्हे तापण्यापूर्वी आटोपते. हेच काम नळी धरून माणसांनी करायचे तर दिवस मावळतो. परंतु हा हिशेब कोरड्या दिवसाचा झाला, आणि द्राक्षबागायतदाराची परीक्षा कोरड्या दिवशी होत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असते, घड दिसू लागलेले असतात, आणि नेमका त्या सुमारास रात्री अवकाळी पाऊस होतो. ओल्या पानावर डाऊनीची बुरशी काही तासांत रुजते. औषध सकाळीच मारले पाहिजे, आणि काळ्या जमिनीला वाफसा यायला तर दोन-चार दिवस लागणार. अशा सकाळी दोन टनांचा, केवळ मागच्या चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर ओळीत घातला तर तो तेथेच रुतून बसतो आणि त्याला काढायला दुसरा आणावा लागतो. लहान, हलका, चारही चाकांनी जमीन धरणारा ट्रॅक्टर त्याच चिखलातून ब्लोअर ओढत निघून जातो. थोरल्या भावाच्या तोंडची स्तुती ह्या एका सकाळीपुरती आहे; पण त्या सकाळी वर्षाचे पीक तोलले जात असते.

ह्या लहान ट्रॅक्टरचा बाकीचा बेतही द्राक्षाच्या मांडवाच्या हिशेबाने केलेला आहे. चाके जवळ, बोनट बुटके, आणि धुराची नळी वर न काढता खाली वळवलेली, म्हणजे गरम धुराने पाने करपत नाहीत. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या सरीत भर लावायला हीच अंगलोट उपयोगी पडते. यंत्र हलके म्हणून जमीन दबत नाही अशी जी समजूत आहे, ती मात्र अर्धीच खरी. हंगामभर त्याच दोन चाकोऱ्यांतून, बहुधा ओलीतच, पुन्हा पुन्हा चाक फिरल्यावर हलके यंत्रही तळ घट्ट करतेच, आणि मग पाणी चाकोरीत साचू लागते.

इंजिनाच्या बाबतीत मालकांचे दोन पंथ आहेत. 'युवराज'सारखा १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर एका सिलिंडरवर चालतो. 'जिवो'च्या २४ अश्वशक्तीच्या यंत्राला दोन सिलिंडर आहेत. कुबोटाच्या 'निओस्टार'ला २१ अश्वशक्तीसाठी तीन. ह्यातला भेद कागदावर दिसत नाही, कमरेला जाणवतो. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. एकच सिलिंडर असेल तर दोन फेऱ्यांत एकच धक्का, तीन असतील तर त्याच अवधीत तीन लहान धक्के. म्हणून एकसिलिंडरी यंत्र दिवसभर हादरते, नटबोल्ट सैल होतात, आणि रात्री चालकाचे हात झोपेतही थरथरतात. असे असून त्या पंथाचे भक्त कमी होत नाहीत, ह्याला कारण आहे. खडकीला १९४६ साली किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, तेव्हापासून विहिरीवरच्या एकसिलिंडरी इंजिनाने आपल्या गावोगावच्या मिस्त्रींचे हात घडवले आहेत. ते यंत्र उघडायला कोणी कंपनीच्या माणसाची वाट पाहत नाही. तीन सिलिंडरांचे जपानी वळणाचे इंजिन गोडव्याने चालते खरे, पण त्याचा एखादा बारीक सुटा भाग तालुक्याला मिळाला नाही की नाशिकला, तेथे नाही तर आणखी पुढे असा प्रवास घडतो, आणि डाऊनी त्या भागाच्या येण्याकडे डोळे लावून थांबत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर ज्याला रोज फवारणीला बसायचे आहे त्याने तीन सिलिंडर घ्यावे आणि हंगामापूर्वी फिल्टर, पट्टा, सील ह्यांची बेगमी घरी करून ठेवावी. कंबर कोणत्याच दुकानी मिळत नाही.

चारचाकी ओढीवरची फिर्याद बहुतांशी अज्ञानातून येते, आणि हे अज्ञान महाग पडते. अशा ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित अधिक वेगाने फिरतील अशी योजना कारखान्यातच केलेली असते, म्हणजे वळताना व चिखलात पुढचे टोक ओढून घेते. मऊ जमिनीत हा फरक चाकाच्या घसरण्यात जिरतो. डांबरी रस्त्यावर त्याला जिरायला जागा नसते, तेव्हा तो ताण दातेरी चक्रांवर आणि टायरवर पडतो. बागेतून निघताना चारचाकी ओढीची दांडी सोडवायला विसरलेला चालक घरी पोचेपर्यंत टायर खात असतो. तीच गत निराळ्या मापाचे दोनच टायर बसवण्याची: पुढच्या-मागच्या चाकांचे गुणोत्तर त्याने बिघडते, आणि सहा महिन्यांनी पुढच्या आसाच्या आवाजाबद्दल दोष कारखान्याला दिला जातो. रेडिएटरचेही तसेच. खरड छाटणीनंतर एप्रिलच्या उन्हात काड्या, पालापाचोळा आणि धूळ उडवत रोटर चालवायचा, जाळी महिन्यात एकदाही झाडायची नाही, आणि गाडी तापते म्हणून ओरडायचे!

आता त्याचे खरे दोष, ज्यांना जबाब नाही. वजन कमी म्हणजे ब्रेकचा अधिकारही कमी. भरलेल्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि हलका ट्रॅक्टर त्या रेट्यापुढे आडवा होऊ शकतो. धाकट्या भावाच्या वाट्याला भाजीपाल्याची जमीन आली. त्याला रोज टोमॅटोच्या जाळ्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात न्यायच्या, आणि दोन पावसांमधल्या उघडिपीत खोल नांगरट करायची. त्याने घेतलेले यंत्र ह्यांपैकी कोणत्याच कामासाठी जन्मलेले नव्हते. 'चढावर तोंड उचलतो' ही त्याची तक्रार अक्षरशः खरी आहे. पुढे वजने लावून ती कमी होते, मिटत नाही. शिवाय चाके जवळ असल्यामुळे बांध ओलांडताना कलंडण्याचे भय मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा अधिक, आणि अंगावर येऊ नये म्हणून लावायची मागची लोखंडी कमान मांडवाला अडते म्हणून पुष्कळजण काढून ठेवतात. हा सौदा मला मुळीच मान्य नाही. कमान दुमडती मिळते. ती बागेत आडवी करावी आणि बाहेर येताच उभी करावी.

चालकाच्या फुप्फुसांबद्दल तर कोणी अवाक्षर काढत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा चार दिवस हलकल्लोळ झाला. लहान ट्रॅक्टरला केबिन नसते. ब्लोअरचे धुके मांडवाखाली कोंडते आणि चालक त्याच धुक्यातून पुढच्या ओळीत शिरतो. सहा लाखांच्या यंत्रावर बसणारा माणूस तोंडाला नुसता गमछा बांधून बसतो, ही फिर्याद माझी आहे, आणि ती मालकाविरुद्ध आहे.

पैशाचा मामला थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत सहा लाख धरली तर बेचाळीस हजारांची सूट झाली. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण खात्याची जी योजना आहे, तिच्यात ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर व उपसाधने ह्यांसाठी साडेतीन लाखांची मर्यादा धरून ३ लाख १५ हजारांचे अनुदान ठरवलेले आहे. योजना स्तुत्य, पण चौकटीत बसणारे यंत्र शेतातही बसेलच असा नियम नाही, आणि अठरा अश्वशक्तीच्या यंत्रामागे मोठ्या टाकीचा ब्लोअर जोडून दोघांचीही दमछाक करणारे गट मी पाहिले आहेत. इंजिनावर लिहिलेली शक्ती मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत, म्हणजे पीटीओपर्यंत, पूर्णपणे पोचत नाही. ब्लोअर घ्यायचा तर विचारायची शक्ती पीटीओची.

उरला तासांचा प्रश्न. सहा लाख दहा वर्षांत फेडले असे मानले, तर व्याज सोडून साठ हजार सालीना पडतात. वर्षाला सहाशे तास यंत्र चालले तर तासाला शंभर रुपये, तीनशेच चालले तर दोनशे, आणि ह्यात डिझेल, तेल, चालक काहीच आले नाही. दोन-अडीच एकरांचा धनी स्वतःच्या शेतात तीनशे तासही भरू शकत नाही. त्याने शेजाऱ्यांची कामे भाड्याने घ्यावी, किंवा दोघा-तिघांत मिळून एक ट्रॅक्टर घ्यावा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढवून घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडणे अवघड नाही. भाऊबंदकीमुळे घेतलेले यंत्र भाऊबंदांतच सामाईक ठेवावे, हे सुचवायला सोपे आणि घडायला कठीण, हे मला मान्य आहे.

धाकट्या भावाचा ट्रॅक्टर मी गेलो त्या दिवशी धुऊन पुसून अंगणात उभा होता. घड्याळात तास फार झाले नव्हते, टायर चांगले होते, इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. त्यात खोट म्हणावी अशी एकही नाही. ज्या वाचकांचा येत्या पाडव्याला लहान ट्रॅक्टर घेण्याचा विचार आहे, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन बागेत जावे. दोन ओळींतले सर्वांत अरुंद अंतर, मांडवाच्या तारेची सर्वांत खालची उंची आणि बांधाकडची वळणाची जागा, एवढी तीन मापे लिहून घ्यावीत. वळणाची जागा मोजताना ब्लोअर मागे जोडलेला आहे असे धरावे.