आत गाडी नाही, तरी लाल दिवा!

मंडळी, शमाल वारा सुटला की अल दुहैलमध्ये रात्री धुतलेली गाडी सकाळी पुन्हा मातकट! मग ऑटोमॅटिक कार वॉशला रांग लागते, आणि नेमकं तेव्हाच मशीन अडून बसतं. आत कुणी नाही, तरी पुढची गाडी घेत नाही.

बहुतेकदा मोटर वगैरे बिघडलेली नसते. एका बाजूचा सेन्सर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडतो, समोरचा तो टिपतो. किरण अडला की कंट्रोलर समजतो, आत गाडी आहे. पण काचेवर धूळ किंवा वाळलेला फेस बसला तरी किरण अडतोच! रचना मुद्दामच अशी असते, शंका आली की थांबायचं. उलट असती, तर सेन्सर बंद पडल्यावर आतल्या गाडीवर दुसरी गाडी सोडली गेली असती.

म्हणून आधी मशीन बंद करून, आत कुणी नाही ना हे बघून, कामगाराने दोन्ही काचा मऊ ओल्या फडक्याने पुसाव्यात, मग रीसेट. तरीही अडलं, तर ब्रशची कमान मूळ जागी परतली का ते तपासावं. सेन्सरला बगल देऊन मशीन चालवायचा जुगाड मात्र नकोच.

आणि हो, धुऊन झाल्यावर दारातच आरसे पुसत थांबू नका. तुमची गाडी किरणात असेपर्यंत मागची रांग हलत नाही!